दोनशे अकराची दुसरी चाचणी

रोवेना टॅकेटचं इंजिन पहिल्या चाचणीत चौथ्या मिनिटाला रुळावरून उतरलं, तेव्हा खोलीत तिच्याशिवाय अकरा माणसं होती आणि त्यांतली दहा हसली.

अकरावा हार्लन फॉइग्ट. तो हसला नाही. चष्मा कपाळावर ढकलून त्याने हातातल्या कार्डावर वेळ लिहिली, आणि मग आडव्या पडलेल्या इंजिनाकडे असं पाहिलं की रोवेनाला दहा जणांचं हसणं परवडलं. हार्लनने चाळीस वर्षं गावच्या शाळेत भूमिती शिकवली होती. अर्धं बीच ग्रोव्ह त्याच्या हाताखालून गेलेलं, त्यामुळे त्याला सगळे मास्तरच म्हणत. चुकलेला त्रिकोण पाहावा तसा तो त्या इंजिनाकडे पाहत होता.

"फाटकातल्या रस्त्याच्या फळीला अडकलं," तो म्हणाला. "पुढचं बर्फ लोटायचं पातं खाली आहे."

"पातं जिथे असायला हवं तिथेच आहे, मास्तर," रोवेना म्हणाली. "मी खऱ्या इंजिनावरून माप घेतलंय. आडवी झोपून, पट्टी लावून. तुमच्यासारखं पुस्तकातून नाही."

"मग खरं इंजिन आमच्या फाटकावरून जात नाही म्हणायचं," मागून कुणीतरी म्हणालं, आणि पुन्हा हशा पिकला. "काय गं, पाच बोटांचं इंजिन मागवायचं का?"

पाच बोटांचं इंजिन म्हणजे माणसाचा हात. गाडी अडली की जो हाताने ढकलतो, त्याला ही मंडळी असं चिडवतात. चाचणीत तर हात लावायलाच बंदी. आठ डबे जोडायचे, अख्ख्या लेआउटला, म्हणजे मांडलेल्या छोट्या रेल्वेला, तीन फेऱ्या मारायच्या आणि गाडीला कुणाचंही बोट लागता कामा नये. एका इंजिनाला वर्षात दोन संधी. त्यातली एक आज गेली होती.

रोवेनाने इंजिन उचललं. वीतभराहून थोडंच लांब होतं ते. तिने ते उलटं करून चाकं पाहिली, फुंकर मारली, आणि खोक्यातल्या स्पंजात निजवलं. पावणेदोन वर्षांचं काम होतं. घामाचा एक थेंब खोक्यावर पडला तो तिने बाहीने पुसला.

"दुसरी चाचणी तीन आठवड्यांनी, गुरुवारी," हार्लन म्हणाला. "त्याच्यानंतरच्या शनिवारी प्रदर्शन. आणि ठरलंय ते लक्षात आहे ना?"

"माझ्याच तोंडचं आहे. लक्षात कसं नसेल?"

ठरलेलं असं होतं. मेन स्ट्रीटवरच्या जुन्या फर्निचरच्या दुकानाचा वरचा मजला मॉडेल रेल्वेच्या या क्लबकडे होता, आणि तो मजलाभर पसरलेला लेआउट सत्तर वर्षांपूर्वीच्या एका ऑक्टोबरात थांबवलेला होता. झाडं तांबडी, मोटारी गोल पाठीच्या, स्टेशनाबाहेर हॅट घातलेली माणसं, आणि रुळांवर बहुतेक वाफेची इंजिनं. नियम चौथा: सन १९५३ च्या शरदानंतर बनलेलं काहीही रुळावर यायचं नाही. रोवेना सहा वर्षांपूर्वी क्लबात आली ती वायरिंगसाठी. मंडळींनी जुन्या तारांचा असा गुंता करून ठेवला होता की एका टोकाचं बटण दाबलं की दुसऱ्या टोकाचा सिग्नल लाल व्हायचा. तिने तो सगळा गुंता काढला. लेआउटखाली पाठीवर सरपटत तिने एकेक तार बदलली. वर उभे राहून मंडळी तिला कॉफी विचारायची. पण रुळावर काय चालवणार असं तिला कुणी कधी विचारलं नाही.

एप्रिलच्या सभेत ती उभी राहिली आणि म्हणाली की मी एक गाडी बांधतेय, आजच्या काळातली, डिझेल, प्रवासी. तिला प्रदर्शनात एक तास द्या. हार्लन म्हणाला, "एक तास दिला की दोन मागशील." बाकीच्यांची मतं पडली सहा विरुद्ध पाच. पण हार्लनने त्याला एक शेपूट जोडलं. गाडी चाचणीत पास झाली तर दोन ते तीन हा तास तिचा. दोन्ही वेळा नापास झाली, तर नियम चौथ्याचा विषय तिने या क्लबात पुन्हा काढायचा नाही. कधीच नाही. आणि रोवेना घाईघाईने म्हणाली होती, "कबूल."

आता खोकं छातीशी धरून जिना उतरताना तो शब्द तिला टोचत होता.

तिचे वडील केंटकीच्या डोंगरातले. खाणीत खोकला लागला तसे ते बायकोमुलांना घेऊन इंडियानात आले. रोवेनाने सत्ताविसाव्या वर्षी रेल्वेच्या वर्कशॉपात अर्ज केला. इलेक्ट्रिशियनच्या पाळीत ती दुसरीच बाई. पहिलीने वर्षभरात नोकरी सोडली होती, म्हणून हिच्यावर किती महिने टिकेल याच्या पैजा लागल्या. ती एकोणतीस वर्षं टिकली. प्रवासी गाड्यांची इंजिनं देशभर धावून, धुळीने आणि तेलाने काळी होऊन तिथे यायची. त्यांची पोटं उघडायची, मोटरी खाली काढायच्या, हाताएवढ्या जाड केबली ओढून बाहेर काढायच्या, नव्या घालायच्या. एका इंजिनाला महिने लागायचे. मग ते रंगून, चकचकीत होऊन फाटकाबाहेर जायचं आणि वर्कशॉपातलं कुणीही त्यात बसून कुठेही जायचं नाही. प्रवाशांना डबे दिसतात, खिडकी दिसते. पुढे काय जोडलंय ते कोण बघतं?

दोनशे अकरा नंबरचं इंजिन रोवेनाच्या हातून तीनदा गेलं. ते आलं तेव्हा नवंकोरं होतं, तिची मुलगी ट्रीना पहिलीत होती. दुसऱ्यांदा आलं ते आतून जळून. त्या वेळी रोवेनाने सलग अकरा आठवडे दुपारची पाळी केली, कारण केबल कुठून कुठे जाते हे तिच्याइतकं कुणाला पाठ नव्हतं. तिसऱ्यांदा आलं ते तिच्या निवृत्तीच्या वर्षी, मार्चमध्ये. त्याच वेळी कानावर आलं की ही सगळी मालिकाच आता मोडीत जाणार, नवी इंजिनं येतायत. रोवेना जेवणाच्या सुट्टीत वही आणि पट्टी घेऊन दोनशे अकराच्या भोवती फिरली. जाळ्या किती, जाळीला आडव्या पट्ट्या किती, पायऱ्या, दिवे, नळ्या. पुढचं बर्फ लोटायचं पातं रुळापासून किती उंच? तीन इंच. तिने लिहून घेतलं. या वर्षी वसंतात ते इंजिन कापून विकलं गेलं.

म्हणून ती गाडी बांधत होती. कुणी विचारलं असतं तर तिला हे इतक्या सरळ सांगता आलं नसतं. ती एवढंच म्हणाली असती की मला ते जसं होतं तसं एकदा चालताना दाखवायचंय.

शनिवारी सकाळी तिने स्वयंपाकघरातल्या टेबलावर इंजिन काढलं. खिडकीतून चांगला उजेड येत होता. सत्त्याऐंशी पटींनी लहान केलं की तीन इंचांचे उरतात एक मिलिमीटरहूनही कमी. फाटकाच्या फळ्या रुळाच्या वर जवळजवळ तेवढ्याच. म्हणजे फळीने पात्याला धरणं ठरलेलंच.

उपाय दोन होते आणि दोन्ही सोपे. फळ्या घासायच्या, नाहीतर पात्याची खालची कड घासायची. फळ्यांना हात लावायचा प्रश्नच नव्हता. रूळ क्लबाचे. गाडी रस्त्याला जुळली पाहिजे. गाडीसाठी रस्ता खणत बसलं तर रोज एकेकाच्या गाडीसाठी खणावा लागेल. उरलं पातं. तिने बारीक कानस घेतली, भिंगाच्या दिव्याखाली पात्याची कड आणली. केसभर घासलं तर कुणाला कळणार होतं? हार्लनलाही नाही.

फोन वाजला. टूसॉनहून ट्रीना.

"आई, जेवलीस का?"

"सकाळचे दहा वाजलेत, ट्रीना. तू जेवलीस का?"

"इथे आठ वाजलेत. काय झालं त्या चाचणीचं?"

"घसरलं."

"मग आता?"

"तीन आठवड्यांनी परत. कानस हातात आहे. थोडं घासलं की होईल."

"मग घास ना. एवढा विचार कसला?"

"खऱ्या इंजिनाचं पातं असं नव्हतं."

पलीकडे ट्रीनाने मोठा उसासा सोडला. "आई, माझ्या शाळेच्या नाटकाला तू आली नाहीस. तिसरीत. मी भोपळा झाले होते. आजीने मला सांगितलं, तुझी आई इंजिनाच्या पोटात आहे. मला वाटलं ते खरंच तुला गिळतं. आणि आता तू त्याचीच बाहुली करून खेळतेस."

रोवेनाने कानसेचं टोक बोटाने चाचपलं. त्या अकरा आठवड्यांत घरी आल्यावर झोपलेल्या पोरीच्या कपाळाला तेलाचा वास असलेला हात लावायचा की नाही याचाही ती विचार करत उभी राहायची.

"रागावून नाही म्हणत गं," ट्रीना म्हणाली. "म्हणजे थोडं रागावूनच. पण तू त्याच्यासाठी माझं नाटक सोडलंस ना, मग आता ते नीट तरी कर. खोटं खोटं घासू नकोस."

"नापास झाले तर परत विषय काढायचा नाही असं कबूल केलंय मी."

"तू गप्प बसणार? कायमची?" ट्रीना इतकी हसली की रोवेनालाही हसू आलं. "तुमच्या मास्तरांना बिचाऱ्यांना कल्पना नाहीये."

रोवेनाने कानस डब्यात ठेवली. आणि मग जी गोष्ट तिने एकोणतीस वर्षांत केली नव्हती ती करायचं ठरवलं. चाकवाल्यांना विचारायचं.

वर्कशॉपात वायरवाले आणि चाकवाले यांचं कधी जमलं नाही. चाकवाले म्हणत की वायरवाले हात स्वच्छ ठेवायचा पगार घेतात. वायरवाले म्हणत की चाकवाल्यांना हातोड्याशिवाय विचार करता येत नाही. जेवायची टेबलं वेगळी, बोलिंगचे संघ वेगळे. ओरिन स्टेल्झर हा चाकांच्या खात्याचा मुख्य मिस्त्री. एकदा भर सभेत तो रोवेनाला म्हणाला होता की बाईसाहेब, तुमचं काम बल्ब लागला की संपतं, आमचं काम नीट नसेल तर गाडी शेतात जाते. तेव्हापासून ती त्याच्याशी मान हलवण्यापलीकडे बोलली नव्हती.

ओरिन दारात आला तो कमरेला टॉवेल गुंडाळून, हातात डाव. घरभर चिलीच्या तिखट रश्श्याचा वास.

"रो टॅकेट! कुणी मेलं का?"

"अजून नाही. तुझ्याकडे दहा मिनिटं आहेत का?"

"बल्ब गेलाय का तुझा?"

रोवेना दात आवळून आत आली. टेबलावरच्या बरण्या बाजूला सारून इंजिन ठेवलं. ओरिन खाली वाकला. बराच वेळ वाकलेलाच राहिला. टॉवेलची गाठ सुटायला आली तेव्हा कुठे सरळ झाला.

"हे तू केलंस?"

"नाही, बल्बने केलं."

"त्या कोपऱ्यातल्या पायरीवर माझं नडगीचं हाड आपटलं होतं. दोनदा." त्याने बोट पुढे केलं, पण टेकवलं नाही. "काय हवंय तुला?"

तिने फाटकाची हकीकत सांगितली. वही उघडून दाखवली. पातं रुळापासून तीन इंच, तिच्या हातचं, पेन्सिलीने.

"कुठल्या दिवशी मोजलंस?"

"तारीख आहे बघ. बारा मार्च."

"बारा मार्चला ते कशाला आलं होतं आपल्याकडे?"

"मोटरी काढायला. आणि तुमच्याकडे चाकं..."

रोवेना थांबली. ओरिनने डाव टेबलावर ठेवला. मग त्याला हसू फुटलं आणि हसता हसता खोकला लागला, आणि खोकता खोकता तो खुर्चीवर बसला.

"अगं बाई! झिजलेल्या बुटातल्या माणसाची उंची मोजलीस तू!"

"नीट सांग."

"नीटच सांगतोय. चाक झिजलं की आम्ही ते लेथवर कातून सारखं करतो. पुन्हा झिजलं की पुन्हा कातून काढतो. नवं असताना चाळीस इंच, शेवटी सदतीस. म्हणजे अख्खं इंजिन दीड इंच खाली बसतं. पातंही खाली येतं. म्हणून तर त्याच्या मागे भोकांच्या दोन रांगा असतात! चाक झिजलं की बोल्ट काढायचे, पातं वरच्या रांगेत चढवायचं. तीन इंच ही शेवटची मर्यादा. दोनशे अकरा त्या दिवशी काठावर उभं होतं, आणि तू म्हणालीस, छान, हेच लिहून घेऊ." त्याने डोळे पुसले. "आणि या मॉडेलला चाकं कसली लावलीस?"

"विकतची. मापाची."

"नवी ना? पूर्ण चाळीस इंचांची?"

"हो."

"म्हणजे चाकं पहिल्या दिवसाची आणि पातं शेवटच्या दिवसाचं." ओरिन आता हसत नव्हता. "असं इंजिन कुठल्याच दिवशी नव्हतं, रो."

हे मात्र तिला लागलं. पावणेदोन वर्षं ती जे खरं म्हणून बांधत होती, ते कधी अस्तित्वातच नव्हतं. आणि ही चूक दुसऱ्या कुणी केलीच नसती. पुस्तकातून करणाऱ्याने पुस्तकातला आकडा घेतला असता, साडेचार इंच, आणि तो पहिल्याच चाचणीत पास झाला असता. चाकवाल्याने आधी चाक मोजलं असतं. चुकली ती खऱ्या इंजिनाखाली आडवी झोपलेली वायरवाली.

"साडेचार," ती म्हणाली.

"साडेचार. चिली खाणार? मक्याचा पाव आहे."

तिने खाल्ली. बरी होती, पण तिने तसं सांगितलं नाही.

पातं अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी वर न्यायचं म्हणजे जुनं चिकटवलेलं सोडवायचं, मागे नवी भोकं पाडायची. तीही दोन रांगांत, कारण आता माहीत झालं होतं. केसासारख्या बारीक ड्रिलच्या पहिल्या तीन काड्या मोडल्या. चौथ्या काडीला तिने श्वास रोखला, आणि हात टेबलाच्या कडेला दोरीने बांधून घेतला, वर्कशॉपात अडचणीच्या जागी काम करताना मनगट पट्ट्याने आवळत तसा. आठ भोकं. दोन दिवस. बोल्ट खालच्या रांगेत बसवले, वरची रांग रिकामी ठेवली. ती मागच्या बाजूला होती. आरसा धरल्याशिवाय कुणाला दिसणार नव्हती.

गुरुवारी संध्याकाळी पाच वाजता सगळे जमले. कुणाच्या तरी बायकोने पर्सिमनच्या फळांचं पुडिंग पाठवलं होतं, पण त्याला अजून कुणी हात लावला नव्हता. ओरिनही आला होता, पाहुणा म्हणून. भिंतीशी हाताची घडी घालून उभा. या लोकांचा आणि त्याचा काही संबंध नव्हता, पण त्याला कुणी जा म्हणालं नाही.

गाडी रुळावर ठेवण्यापूर्वी रोवेना म्हणाली, "मास्तर, आधी एक सांगायचंय."

"सांग."

"मागच्या वेळी मी म्हणाले की माझं पातं बरोबर आहे आणि तुम्ही पुस्तकातून मापं घेता. पातं चुकीचं होतं. झिजलेल्या चाकांचं माप मी नव्या चाकांवर लावलं. पुस्तकातला आकडा बरोबर होता."

खोलीत कुणीतरी शीळ घातली. मागचा आवाज म्हणाला, "लिहून ठेवा रे, टॅकेट चुकली!"

"म्हणजे तुझं माप चुकलं," हार्लन म्हणाला.

"माप बरोबर होतं. दिवस चुकला."

"चूक ती चूक."

"हो," रोवेना म्हणाली. "चूक."

हार्लनने चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. शाळेत पोराने फळ्यापाशी येऊन स्वतःच स्वतःचं उत्तर खोडलं की तो असाच पाहत असेल. "चालू कर," तो म्हणाला.

इंजिन, मागे आठ डबे. रोवेनाने कंट्रोलची चकती हळूच फिरवली. इंजिनातून तो आवाज आला, थंडीत उभ्या डिझेलची बारीक घुरघुर. तो तिने वर्कशॉपच्या फाटकाबाहेर उभं राहून खऱ्या इंजिनाचा टिपून घेतला होता. ओरिनने भिंतीला टेकलेली पाठ सोडली.

पहिली फेरी. स्टेशन, लोखंडी पूल, धान्याच्या कोठारामागचं वळण, आणि मग फाटक. इंजिनाचं नाक फळ्यांवर आलं. सगळ्यांच्या माना खाली. पात्याखालून उजेडाची एक बारीक रेघ दिसली आणि सरकून गेली. चाकांचा खडखड आवाज झाला, डबे एकामागून एक गेले.

"एक," हार्लन म्हणाला.

दुसऱ्या फेरीत काहीच झालं नाही. काहीच न होणं बघत उभं राहणं किती कठीण असतं! रोवेनाच्या मनात सगळ्या सांध्यांच्या जागा, सगळ्या तारा एकेक करून येत होत्या. या सांध्याला मागच्या वर्षी डाख दिला. तो तुकडा उन्हाळ्यात फुगतो. त्या चढाला आठ डबे जड.

"दोन."

तिसऱ्या फेरीत गाडी त्या चढावर आली आणि मंदावली. आवाज खोल गेला, वेग कमी झाला. चकती थोडी पुढे फिरवली की झालं. कुणीही फिरवली असती. रोवेनाचा अंगठा चकतीवर होता. पण गाडी एकदम ओढली की वळणातल्या मधल्या डब्याला हिसका बसतो, आणि हिसका बसला की डबा आतल्या बाजूला कलंडतो. तिने अंगठा काढून घेतला.

"जोर दे!" मागून आवाज आला.

"गप्प बस," ओरिन म्हणाला.

गाडी जवळजवळ थांबली. चालत्या मुंगीने तिला मागे टाकलं असतं. पण थांबली नाही. इंजिन माथ्यावर आलं, मग पहिला डबा, मग दुसरा, आणि वजन जसं पलीकडे उतरलं तसा वेग आपोआप आला. हार्लनचा उजवा हात पुढे आलेला होता, रुळापासून बोटभर अंतरावर. तो आपण केव्हा पुढे केला हे त्याचं त्यालाच कळलं नसावं. त्याने तो घाईने खिशात घातला.

वळण. फाटक. उजेडाची रेघ.

"तीन," हार्लन म्हणाला.

टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत, या मंडळींची ती रीतच नाही. एक जण म्हणाला की पुडिंग गार होतंय. पुडिंग गारच असतं. पण तेवढ्याने सगळे हलले, बोलू लागले, ओरिनला कुणीतरी बशी दिली.

हार्लन टेबलाशी बसून कार्ड भरत होता. इंजिनाचा नंबर, मालकाचं नाव. निर्मितीचं वर्ष या रकान्यात क्लबाने फार पूर्वीच एकोणीस हा आकडा छापून ठेवला होता, पुढे दोन जागा रिकाम्या. त्याने एकोणीसवर काट मारायला पेन टेकवलं.

"खोडू नका, मास्तर," रोवेना म्हणाली. "शहाण्णव."

"काय?"

"एकोणीसशे शहाण्णवचं आहे ते. तुमच्या कार्डात बसतं."

हार्लनने पेन थांबवलं. "शहाण्णव? एवढं जुनं?"

"सहासात महिन्यांपूर्वी मोडीत गेलं. तुमची वाफेची जेवढी गेली तेवढंच गेलंय."

त्याने शहाण्णव लिहिलं. सुबक अक्षरात, फळ्यावर लिहिल्यासारखं. खाली सही केली.

शनिवारी दोनच्या ठोक्याला स्टेशनाबाहेरच्या गोल पाठीच्या मोटारी उचलून खोक्यात गेल्या आणि दोनशे अकरा आठ डबे घेऊन निघालं. प्रदर्शनाला नेहमीसारखी मंडळी होती, आईबाप, पोरं, चर्चमधल्या म्हाताऱ्या. त्यांच्यात दोरीला लागून सात जण वेगळे उभे होते. वर्कशॉपातले, ओरिनने फोन करकरून आणलेले. वायरवाले तीन, चाकवाले चार. कुणी वा म्हणालं नाही. ते एकमेकांना बोटाने दाखवत होते.

"त्या जाळीच्या मागे माझा पाना पडला होता. अजून तिथेच असेल."

"कापून विकलं रे ते."

"मग पानाही विकला गेला म्हण."

"पुढचा दिवा डावीकडे थोडा तिरका असायचा दोनशे अकराचा."

"असायचा," रोवेना म्हणाली. "तिरकाच आहे. वाकून बघ."

तो वाकला. बराच वेळ बघत राहिला. मग त्याने खिशातून रुमाल काढला आणि नाक शिंकरलं.

तिने फोन उभा धरून एक फेरी ट्रीनाला दाखवली. "हेच का ते?" ट्रीनाने विचारलं. "मला वाटायचं मोठं असेल." मग थोड्या वेळाने म्हणाली, "परत दाखव."

तीन वाजता हार्लनने घंटा वाजवली. रोवेनाने गाडी स्टेशनात आणून उभी केली, डबे सोडवले, इंजिन स्पंजात ठेवलं, आणि खोक्याच्या झाकणाखालून घडी केलेला एक कागद काढून हार्लनच्या हातात दिला.

"हे काय?"

"ठराव. जानेवारीच्या सभेसाठी. नियम चौथा. दर महिन्याचा तिसरा शनिवार आजच्या काळाचा. दोन सह्या लागतात, तीन आहेत."

"टॅकेट, अजून तुझे डबे रुळावर आहेत. मला जरा श्वास घेऊ दे."

"घ्या की. जानेवारीला अजून सहा आठवडे आहेत."

हार्लनने कागद उलगडला. चष्मा कपाळावरून खाली ओढला, खिशातून पेन काढलं आणि वाचता वाचता तिसऱ्या ओळीत एका शब्दाखाली रेघ मारली.

"हे वाक्य ढिलं आहे," तो म्हणाला. "असं मांडलंस तर मीच ठराव पाडीन. बस इथे."

रोवेनाने खुर्ची ओढली.